नदी मोजणाऱ्याचे पैसे कोण देतो?

14 जून 1986 रोजी राजीव गांधी यांनी वाराणसीच्या घाटावरून गंगा कृती योजनेचा प्रारंभ केला. त्यानंतर या शहरासाठी भगवानपूर, दिनापूर, गोइठा, रमना अशी सांडपाणी प्रक्रिया केंद्रे उभी राहिली. 2015 मध्ये ‘नमामि गंगे’साठी पाच वर्षांकरिता 20 हजार कोटी रुपये मंजूर झाले. एवढे होऊनही घाटावरचे पाणी स्नानास योग्य आहे काय, या साध्या प्रश्नाचे एकमुखी उत्तर मिळत नाही. अशा वेळी राजकीय इच्छाशक्तीच्या अभावाकडे बोट दाखवण्याची आपली रीत आहे. मला ती पटत नाही. इच्छा होती, निधीही होता. प्रश्न आहे तो हा निधी नेमका कशाच्या मोबदल्यात दिला गेला, हा.

प्रशासनात आयुष्य घालवलेल्या कोणालाही उपयोगिता प्रमाणपत्र नावाचा कागद परिचित असतो. मंजूर रक्कम मंजूर कामावर खर्च झाली, एवढेच तो सांगतो. नदी सुधारली की नाही, यासाठी त्यात रकाना नसतो. पुढचा हप्ता मात्र त्याच कागदावर सुटतो. मग कंत्राटदार बांधकाम करतो, खाते खर्च दाखवतो, आणि केंद्र उभे राहिले की सर्वांचे काम संपते. वीज गेल्यावर पंप कोण चालवणार, देखभालीचा खर्च महापालिका कोठून आणणार, याची चिंता त्या साखळीतील कोणाच्याच पदरी नसते.

हे सर्वप्रथम ओळखले ते वीरभद्र मिश्र यांनी. संकटमोचन मंदिराचे ते महंत आणि काशी हिंदू विद्यापीठात जल-अभियांत्रिकीचे प्राध्यापक. 1982 मध्ये त्यांनी संकटमोचन फाउंडेशन स्थापन केले आणि पुढे तुळशी घाटावर प्रयोगशाळा उभारून ते पाण्याचे नमुने स्वतःच तपासू लागले. त्यांचा आक्षेप दुहेरी होता. विजेवर सर्वस्वी अवलंबून असलेली यंत्रणा या शहरात टिकणार नाही, हा पहिला. दुसरा अधिक मूलगामी होता: नेहमीच्या पद्धतीची केंद्रे सेंद्रिय भार घटवतात, पण विष्ठाजन्य कोलिफॉर्म जिवाणू पुरेसे मारत नाहीत, आणि स्नान करणाऱ्याला अपाय होतो तो या जिवाणूंच्या साथीने येणाऱ्या रोगांचा. त्यासाठी 100 मिलिलिटरमागे 500 ही इष्ट आणि 2500 ही कमाल मर्यादा आहे. ज्या मापावर पैसे मिळतात तेच माप सुधारते. उरलेले तसेच राहते. मिश्र 2013 मध्ये गेले, त्यांचा आक्षेप मागे राहिला.

(इतिहासाचा विद्यार्थी म्हणून एक नोंद करावीशी वाटते. ब्राह्मी लिपी उलगडणारा जेम्स प्रिन्सेप 1820 ते 1830 या काळात बनारसच्या टाकसाळीत होता. शहरात साचणारे पाणी वाहून नेण्यासाठी त्याने जमिनीखालून बोगदा काढला. शहर कोरडे झाले, म्हणजे काम फत्ते. नदीचा जमाखर्च तेव्हाही कोणी मांडला नव्हता.)

2017 मध्ये एक महत्त्वाचा बदल झाला. रमना येथील दररोज पाच कोटी लिटर क्षमतेच्या केंद्रासाठी ‘हायब्रिड अ‍ॅन्युइटी’ पद्धतीचा करार झाला. भांडवली खर्चाचा 40 टक्के हिस्सा बांधकामाच्या काळात, उरलेला 60 टक्के पुढील 15 वर्षांत, आणि तोही केंद्राच्या कामगिरीशी जोडून. सांडपाणी क्षेत्रातील माझ्या दृष्टीने ही अलीकडची सर्वांत शहाणी सुधारणा. तथापि तिची नजर केंद्राच्या दारापर्यंतच पोहोचते. जो नाला केंद्राकडे वळलाच नाही, त्याच्यामुळे कोणाचाही हप्ता अडत नाही.

शिवाय कामगिरी मोजणार कोण? गुजरातमध्ये कारखान्यांचे पर्यावरणीय लेखापरीक्षण करणाऱ्यांना कारखानेच निवडत आणि पैसे देत. एस्थर डुफ्लो, मायकेल ग्रीनस्टोन, रोहिणी पांडे आणि निकोलस रायन या अर्थशास्त्रज्ञांनी तेथे प्रयोग केला. परीक्षक चिठ्ठी टाकून नेमले, मोबदला सामायिक निधीतून ठरावीक दराने दिला, काही नोंदी पुन्हा तपासल्या. पूर्वी मर्यादेच्या किंचित खाली घुटमळणारे आकडे खरे येऊ लागले. आणि कारखान्यांनी प्रदूषणही कमी केले. त्याच राज्यात सुरतेला 2019 पासून धूलिकण उत्सर्जनाचे परवाने खरेदी-विक्रीस खुले झाले, तेव्हा उत्सर्जन 20 ते 30 टक्के घटल्याचे अभ्यासात दिसले. बाजारही चालला, कारण चिमणीवर सतत मोजणारे यंत्र होते.

वाराणसीत हे जसेच्या तसे चालणार नाही. येथला मोठा प्रदूषक कारखाना नसून खुद्द शहर आहे. महापालिकेला दंड केला की सरकारचा पैसा एका खिशातून दुसऱ्यात जातो आणि भरतो करदाता. जल कायद्यातील 2024 च्या दुरुस्तीने बऱ्याच गुन्ह्यांतील कैद काढून 15 लाखांपर्यंत दंड आणला; महापालिकेच्या अंदाजपत्रकापुढे ही रक्कम किरकोळ आहे. दंडापेक्षा अनुदान अधिक बोलके ठरते. पंधराव्या वित्त आयोगाने दशलक्षी शहरांच्या अनुदानाचा काही भाग हवेच्या सुधारणेशी जोडला होता. नाल्यांच्या मुखाशी मोजलेल्या पाण्याशी तो का जोडू नये? प्रोत्साहन कसे काम करते हे या घाटांवरच्या नावाड्यांनी दाखवले आहे. सीएनजीचे संच मिळाले, नमो घाटावर तरंगते गॅस केंद्र आले, इंधनाचा खर्च घटला. डिझेल सोडण्यासाठी त्यांना उपदेश करावा लागला नाही.

मात्र मोजमाप मोजल्या जाणाऱ्याच्या हाती राहिले तर ही सारी रचना पोकळ ठरेल. 2025 च्या महाकुंभात प्रयागराजच्या पाण्याबद्दल केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने फेब्रुवारीच्या आरंभी एक अहवाल राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाला दिला: जिवाणूंचे प्रमाण अनेकदा मर्यादेबाहेर. महिनाअखेरीच्या दुसऱ्या अहवालात सांख्यिकी विश्लेषणाच्या आधारे तेच पाणी स्नानयोग्य ठरले. दोन्ही अहवालांमागे शास्त्रीय पद्धत असेलही. पण डुबकी मारणाऱ्याने कोणता वाचायचा? विद्यापीठांच्या प्रयोगशाळांना चिठ्ठीने नमुने वाटावेत, त्यांचा खर्च मंडळाकडून नव्हे तर स्वतंत्र निधीतून व्हावा, आणि निकाल त्याच आठवड्यात घाटावरच्या फलकावर लागावा. याला नवा कायदा लागत नाही, निविदेत चार कलमे लागतात. 2027 च्या सिंहस्थासाठी नाशिकला गोदावरीच्या कामांचे करार होत आहेत. ती कलमे त्यांत आहेत की नाहीत, हे महाराष्ट्रातील वाचकांना आजच विचारता येईल.