दोन किल्ल्यांचे घर

भंडाऱ्यात आमच्या घरी कूलर मार्चअखेरीस खिडकीत बसतो तो मृग लागेपर्यंत उठत नाही. त्याच्यावाचून विदर्भात उन्हाळा काढणे कठीणच. आमचा कूलर जुना, पत्र्याचा. ओला हात लागला की बोटांना झिणझिण्या येत. हे मला ठाऊक होते, सौभाग्यवतींना ठाऊक होते. ‘पायात चप्पल घालूनच पाणी भरायचे’ हा आमचा तोडगा. दोन उन्हाळे तो चाललाही.

२०२२ च्या मे महिन्यात मुलगी पुण्याहून माहेरी आली. तिचा मुलगा चौदा महिन्यांचा. एका दुपारी मी आरामखुर्चीत वर्तमानपत्र वाचत होतो. कूलरखाली पाण्याचे थारोळे साचले होते आणि नातू त्या पाण्यात हात आपटत, खिदळत कूलरकडे निघाला होता. ‘अगं, करंट मारतो तो!’ सौभाग्यवती ओरडल्या. मुलगी स्वयंपाकघरातून धावली आणि तिने मुलाला उचलले. त्याला काही झाले नाही. मी मात्र तिच्यावरच तडकलो, ‘लक्ष कुठं होतं तुझं?’

ती शांतपणे म्हणाली, ‘बाबा, कूलर करंट मारतो हे तुम्हाला दोन वर्षांपासून माहीत होतं. मला आत्ता कळलं.’

मला उत्तर सुचले नाही. मी त्या कूलरपासून चार पावलांवर बसलो होतो.

माझी नोकरी बँकेतली. स्ट्राँगरूमची तिजोरी एका किल्लीने उघडत नसे. एक किल्ली रोखपालाकडे, दुसरी अधिकाऱ्याकडे. रोखपाल चोर होता म्हणून नव्हे. कितीही सचोटीचा असला तरी माणूस थकतो, विसरतो, त्याच्या घरी कोणी आजारी असते. बँक म्हणूनच माणसाच्या सावधपणावर सगळा भार टाकत नाही, ती रचनाच अशी करते की एकाची चूक एकट्याने अनर्थ करू नये. तीस-पस्तीस वर्षे मी हा नियम पाळला. घरी मात्र तिजोरीहून मोलाचे मूल एकाच किल्लीवर सोडले होते. ती किल्ली म्हणजे आईची नजर.

आमच्या गावाला या गोष्टीची आठवण करून द्यावी लागू नये. ९ जानेवारी २०२१, शनिवार. मध्यरात्र उलटून गेल्यावर भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षात आग लागली. सतरा बाळे होती. सात वाचली, दहा गेली; काही भाजून, बहुतेक धुराने गुदमरून. त्यांतली बरीच खेड्यापाड्यांतल्या, हातावर पोट असलेल्या घरांतली होती. घरी धोका नको म्हणून ज्यांना तिथे ठेवले होते, ती तिथेच गेली. त्या सकाळी गावात कुणाला कुणाशी बोलवत नव्हते.

नंतर अधिकाऱ्यांवर, परिचारिकांवर कारवाई झाली. ड्यूटीवर कोण होते हा प्रश्न विचारायलाच हवा. पण तो पहिला प्रश्न नव्हे. आग लागलीच तर ती लगेच कशी कळणार, धूर कुठून बाहेर पडणार, बाळे कोणत्या वाटेने निघणार, हे आधी ठरले होते काय, हा पहिला प्रश्न. राज्यातल्या रुग्णालयांच्या अग्निसुरक्षेच्या तपासणीचे आदेश निघाले ते दहा बाळे गेल्यावर. ती जबाबदारी शासनाची आहे आणि ती कुठल्याही आईबापाच्या गळ्यात घालता येणार नाही. मात्र तपासणी मागणारे आपण आपल्या घराची तपासणी कधी करतो?

कूलरच्या प्रसंगानंतर मी केली. बँकेच्या सवयीने वही घेतली आणि गुडघ्यांवर बसून घर पाहिले, कारण मूल घर तेवढ्याच उंचीवरून पाहते. माझ्या रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्या उशाजवळच्या स्टुलावर. एक-दोन गोळ्याही लहान मुलाच्या जिवावर बेतू शकतात. न्हाणीघरात भरलेली बादली. रांगते मूल तोल जाऊन तीत डोक्यावर पडले तर वीतभर पाणीही पुरते, आणि ते हाक मारू शकत नाही. अंघोळीचे पाणी काढताना आधी कढत, मग गार, हा आमचा क्रम. तो उलटा हवा. रिमोटमध्ये बटणाएवढा चपटा सेल. तो गिळला तर काही तासांत अन्ननलिका जाळतो. नातवाच्या गळ्यात दृष्ट लागू नये म्हणून बांधलेला काळा दोरा, जो पाळण्याच्या खिळ्यात अडकला तर फास होईल. तो आम्ही काढून पायात बांधला. दृष्टीची सोय राहिली आणि गळाही मोकळा झाला.

इलेक्ट्रिशियनला बोलावून आर्थिंग नीट करून घेतले, वीजगळती होताच पुरवठा तोडणारे यंत्र बसवले. दुपारभराचे काम. दोन वर्षे मी त्याऐवजी चप्पल शोधत होतो.

पण हे झाले पेन्शनवाल्याच्या पक्क्या घराचे. आमचा जिल्हा तलावांचा आणि धानाचा. एका खोलीच्या घरात चूल, अंथरूण आणि फवारणीचे औषध एकाच भिंतीला असते. ते औषध थंड पेयाच्या बाटलीत काढून ठेवण्याची खोड तर सर्रास. तिथे उपदेश नको. हात पोचणार नाही एवढ्या उंचीवर एक फळी ठोकून द्यावी. घर मामा तलावाच्या किंवा बोडीच्या काठाला असेल तर दाराला कमरेएवढे फाटक हवे. रोवणीच्या दिवसांत बाया पहाटेच बांधीत उतरतात आणि तान्हे सात-आठ वर्षांच्या बहिणीकडे राहते. तिच्याही हाती पुन्हा तीच एक किल्ली. रोजगार हमीच्या २००५ च्या कायद्याने, कामावर सहा वर्षांखालची पाच मुले आली तर त्यांना सांभाळायला एक बाई नेमण्याची तरतूद केली होती. खासगी शेतातल्या रोवणीला असे कुणी नसते. त्या पंधरा-वीस दिवसांसाठी अंगणवाडी दिवसभर उघडी ठेवणे हे काही ग्रामपंचायतीच्या आवाक्याबाहेरचे नाही. ग्रामसभेत हा विषय आजोबांनी मांडावा. आयांना तेव्हा सभेला यायला सवड नसते.

एवढे करूनही अपघात होतील. भाजले तर हळद, टूथपेस्ट न लावता वीस मिनिटे वाहते गार पाणी. विष पोटात गेले तर ओकारी न काढता बाटलीसह दवाखाना. आणि १०८ हा क्रमांक भिंतीवर मोठ्या आकड्यांत. हे घरातल्या प्रत्येकाला पाठ हवे, एकट्या आईला नव्हे.

नातू आता शाळेत जातो. कूलर तोच आहे. यंदाही खिडकीत बसवताना मी आधी चाचणी करवून घेतली आणि वहीत तारीख लिहिली. त्या दुपारी मुलीवर ओरडलो, त्याबद्दल माफी मागायला मात्र मला वर्ष लागले. ती म्हणाली, ‘राहू द्या बाबा. पण पुढच्या वेळी दिसलं की दुरुस्त करा, सांगू नका.’