अपंगाने राहावे कोठे?

भोपाळच्या जिल्हाधिकाऱ्यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये हुकूम काढून भीक मागण्यास, तसेच भीक घालण्यासही बंदी केली आणि भिक्षेकऱ्यांसाठी कोलार भागातील सरकारी आरोग्य केंद्रात निवारा राखून ठेवला. शहर नीटनेटके दिसावे, ही इच्छा कोणास नसते? परंतु चौकातून उचललेला मनुष्य आंधळा वा पांगळा असेल, तर त्याने यापुढे कोठे व कोणाच्या सहवासात राहावे, हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा?

याचे उत्तर संसदेने २०१६ सालीच दिलेले आहे. अपंगांच्या हक्कांविषयीच्या त्या वर्षीच्या कायद्याचे ५ वे कलम सांगते की, अपंगास समाजात राहण्याचा हक्क आहे; अमुकच ठिकाणी राहण्याची सक्ती त्याच्यावर होऊ नये आणि आपल्या वस्तीत राहण्यास लागणारे साह्य त्यास मिळावे, यासाठी सरकारने झटले पाहिजे.

राज्याराज्यांचे भिक्षाबंदीचे कायदे मात्र निराळ्याच युगातले आहेत. मध्य प्रदेशाचा कायदा १९७३ चा. त्याहून जुना १९५९ चा मुंबई कायदा. संस्थेत ठेवलेला भिक्षेकरी आंधळा, पांगळा किंवा कायमचा असहाय असेल, तर मुदत संपल्यावरही त्यास बेमुदत अडकवून ठेवण्याची मुभा त्याच्या १० व्या कलमाने सरकारास दिली. धडधाकट मनुष्य मुदत भरताच बाहेर पडेल, आंधळा मात्र आतच! अपंगत्व हाच जणू अधिकचा गुन्हा! दिल्लीत लागू असलेल्या याच कायद्याची बहुतेक कलमे तेथील उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये घटनाबाह्य ठरविली. पण तो निर्णय दिल्लीपुरता.

भिकेमागे टोळ्या असतात, असे कोणी म्हणेल. असतातही. परंतु दुसऱ्यास भीक मागावयास लावणाऱ्यास शासन करणारे ११ वे कलम त्या न्यायालयाने शाबूत ठेवलेच आहे. टोळीवाल्याचा अपराध आंधळ्याच्या माथी कशासाठी?

बेळगाव-निपाणीच्या वाचकांनी ही कथा दूरची समजू नये. कर्नाटकाच्या १९७५ च्या भिक्षाबंदी कायद्यान्वये घरपट्टीवर ३ टक्के उपकर बसतो. तो आपणही भरतो. त्या पैशातून एखाद्या अपंगास त्याच्याच गल्लीत भाड्याची खोली व मदतनीस मिळतो, की केवळ चार भिंती, हे विचारण्याचा अधिकार करदात्यास निश्चित आहे.

आणि भोपाळ! १९८४ च्या डिसेंबरातील एका रात्रीने जेथे हजारोंची फुप्फुसे व डोळे कायमचे अधू केले, त्या शहरास अपंगत्व म्हणजे काय हे सांगावयास का हवे? अपंगास त्याच्या संमतीवाचून कोणत्याही संस्थेत ठेवता येणार नाही, एवढे शब्द तेथील विधानसभेने १९७३ च्या कायद्यात घालावेत. तोवर आमदारांनी कोलारला जाऊन निवाऱ्याचे दार आतून उघडता येते की नाही, एवढे तरी पाहून यावे.