खुर्चीवरचा उपचार, खाटेची अट

गेल्या काही महिन्यांतल्या वाचकांच्या पत्रांत एकच तक्रार पुन्हा पुन्हा येते आहे: अपघाताच्या रुग्णाचा क्लेम नाकारला जातो आणि रोष मात्र डेंटिस्टवर निघतो. दुचाकीवरून पडलेला रुग्ण, 21 एलिस क्लास थ्री, पल्प उघडा. उपचार त्याच दिवशी खुर्चीवर सुरू होतो, पुढच्या भेटींत रूट कॅनॉल आणि क्राउन होते. कागद टीपीएकडे गेले की विचारणा येते: डिस्चार्ज कार्ड कुठे आहे? इनडोअर पेपर्स कुठे आहेत? पॉलिसीत अपघातजन्य दंतोपचार आहे, पण तो दाखल झालेल्यालाच. फुटलेल्या एका दातासाठी चोवीस तास खाट अडवायला कोणतेही वैद्यकीय कारण नाही. म्हणजे योग्य ठिकाणी, कमी खर्चात झालेला उपचार नामंजूर, आणि तोच विनाकारण दाखल करून केला तर मंजूर.

याचे मूळ व्याख्यांत आहे. आयआरडीएआयच्या प्रमाणित व्याख्यांत दंतोपचाराची व्याख्या आहे; तपासणी, फिलिंग, क्राउन, एक्स्ट्रॅक्शन, शस्त्रक्रिया सगळे तिच्यात बसते. उपचार करणाऱ्याची व्याख्या पाहिली तर तिथे मेडिकल कौन्सिल आहे, भारतीय वैद्यक आणि होमिओपॅथीची कौन्सिल आहे, डेंटल कौन्सिल नाही. 2020 मध्ये बरखास्त झालेल्या मेडिकल कौन्सिल ऑफ इंडियाचे नाव त्या व्याख्येत राहू शकते, पण 1948 च्या कायद्याने नोंदणीकृत झालेल्या डेंटिस्टला तिथे जागा नाही. हॉस्पिटल म्हणजे दहा लाखांहून कमी लोकसंख्येच्या गावात किमान 10 आणि इतरत्र 15 खाटा. डे-केअरला लोकल अ‍ॅनेस्थेशिया चालतो, पण एरवी ओपीडीत होणारा उपचार चालत नाही. 2020 च्या आरोग्य संजीवनी पॉलिसीने तर रोग आणि इजा या दोन्हींमुळे लागणारा दंतोपचार मान्य केला, पण तोही हॉस्पिटलायझेशनच्या चौकटीत. उपचार मान्य, तो करणारा आणि ती जागा अमान्य, हा कारभार इतकी वर्षे कुणालाच खटकला नाही?

या व्याख्या बदलेपर्यंत रुग्णाने पुढे केलेले कार्ड कसले आहे, हे काम सुरू करण्याआधी ओळखणे आपल्याच हातात आहे. साध्या मेडिक्लेममध्ये आपल्या रोजच्या कामाला जवळजवळ काहीच मिळत नाही. ओपीडी रायडर असेल तर वार्षिक मर्यादा आणि दंतोपचार वगळला आहे का, हे पाहावे. नोकरदारांच्या ग्रुप पॉलिसीत डेंटलची सब-लिमिट बहुधा तुटपुंजी असते आणि कॉस्मेटिक काम बाहेर राहते. चौथा प्रकार सवलत कार्डाचा, आणि तो विमा नव्हेच. वार्षिक फी कार्डवाला घेतो, सवलत डेंटिस्टच्या खिशातून जाते, जोखीम कुणीच उचलत नाही. अशा करारावर दरपत्रक न वाचता सही करणाऱ्या सभासदांनी नंतर पत्रे लिहून उपयोग नाही.

विमा कंपन्यांचा आक्षेप असा की दातांचा खर्च अनपेक्षित नसतो. ज्याला काम करून घ्यायचे आहे तोच पॉलिसी घेतो. आक्षेप खोटा नाही, पण त्याला प्रतीक्षा काळ, वार्षिक मर्यादा, पॉलिसीआधी गेलेला दात वगळणे असे उपाय आहेत आणि परदेशात ते वापरात आहेत. शिवाय अपघाताला तो लागूच पडत नाही. अमेरिकेत 1954 मध्ये पश्चिम किनाऱ्यावरच्या गोदी कामगारांच्या संघटनेने मुलांच्या दंतोपचाराची योजना मागितली, तेव्हा ती उभी केली तिथल्या डेंटल संघटनांनी. त्या देशातही वार्षिक मर्यादा अनेक पॉलिसींत दशकानुदशके हजार-दीड हजार डॉलरच्या आसपास अडकल्या आहेत, त्यामुळे ते प्रारूप जसेच्या तसे आणावे असे आम्ही म्हणत नाही. आपण टेबलावर नसलो तर अटी दुसरेच लिहितात, एवढेच त्यातून घ्यायचे.

दुसरा आक्षेप जास्त झोंबणारा आहे: आमची बिले तपासण्याजोगी नसतात. ‘डेंटल ट्रीटमेंट, रु. 18,000’ एवढ्यावर कुठला परीक्षक पैसे देईल? दाताचा एफडीआय क्रमांक नाही, निदान नाही, आधीचा आणि नंतरचा आरव्हीजी नाही, नोंदणी क्रमांकाचा शिक्का पुसट. हा आळस आपला आहे, नियामकाचा नाही. आणि क्लेम बसावा म्हणून ओळखीच्या हॉस्पिटलात खोटे दाखल करून घेणे ही युक्ती नव्हे, फसवणूक आहे. तिच्यामुळे उरलेल्या सगळ्यांच्या फायली संशयाने उघडल्या जातात.

म्हणून या महिन्यापासून प्रत्येक बिलावर दाताचा क्रमांक, निदान आणि टप्पानिहाय रक्कम लिहा. अपघाताच्या रुग्णाचे फोटो आणि आरव्हीजी पहिल्याच भेटीत जपून ठेवा. क्लेम नाकारला गेला तर पॉलिसीतले नेमके कलम लेखी मागायला रुग्णाला सांगा. ते सांगणे कंपनीला बंधनकारक आहे. कंपनीकडे दाद लागली नाही तर मुंबई आणि पुण्यात विमा लोकपाल आहेत. आणि शाखांनो, स्वागत समारंभ थोडे आवरा. नाकारलेल्या क्लेमची पत्रे रुग्णाचे नाव झाकून आमच्याकडे पाठवा, आपण ती एकत्र करून नियामकाकडे एकच मागणी नेऊ: व्याख्येत डेंटल कौन्सिल घाला आणि अपघातजन्य दंतोपचाराची खाटेची अट काढा.