थोड्या मालाची एकत्रित वाहतूक

शेतमाल पिकविण्याकडे आपण जितके लक्ष पुरवितो, तितके तो बाजारपेठेत पोहोचविण्याकडे पुरवीत नाही. २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार महाराष्ट्रातील वहितीचे सरासरी क्षेत्र १.३४ हेक्टर होते. एवढ्या जमिनीतील एका तोडणीच्या भाजीपाल्याने मालमोटार क्वचितच भरते. मग अर्ध्या रिकाम्या गाडीचे पूर्ण भाडे द्यावे, किंवा बांधावर आलेला व्यापारी देईल तो भाव पत्करावा, असे दोनच मार्ग शेतकऱ्यापुढे उरतात. शेजाऱ्यांनी मिळून गाडी भरणे, हा तिसरा मार्ग होय. आणि लहान शेतकऱ्यास तोच हितावह आहे, असे माझे मत आहे.

याचा हिशेब सोपा आहे. समजा, बाजारपेठेपर्यंत गाडीचे भाडे ६,००० रुपये असून तीत १०० क्रेट मावतात. एकट्याने २० क्रेट नेल्यास दर क्रेटमागे ३०० रुपये खर्च येईल. पाच जणांनी मिळून १०० क्रेट भरल्यास तोच खर्च ६० रुपयांवर येईल. ७५ क्रेट जमले, तरी तो ८० रुपयांपलीकडे जाणार नाही.

थोडा माल स्वीकारणारी सोय मिळाली, तर तो दूरवर जाऊ शकतो, हे आपण पाहिले आहे. नाशिकजवळील देवळाली येथून बिहारमधील दानापूरकडे ७ ऑगस्ट २०२० रोजी पहिली किसान रेल निघाली. तीत थोड्या वजनाचा मालही घेतला जाई व वाटेतील स्थानकांवर तो चढविता-उतरविता येई.

वाहतूक कंपनीकडे सुटा माल देता येत असताना एकत्र येण्याचा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. हळद, गूळ, बेदाणा, डाळी यांसारख्या टिकाऊ मालास ती सोय योग्यच आहे. परंतु असा माल बहुधा गोदामात उतरवून दुसऱ्या गाडीत भरला जातो. प्रत्येक चढ-उतारीत टोमॅटो दबतो आणि वाया गेलेल्या तासांत मेथी सुकते. नाशवंत मालाची गाडी गावातच भरून थेट बाजारात जावी, हेच इष्ट.

एकत्रित वाहतूक मोडते ती बहुधा गाडीअभावी नव्हे, तर आपसांतील वादामुळे. म्हणून पुढील गोष्टी आधीच ठरवून घ्याव्यात. पालेभाजी व फुले वजनाने हलकी, पण जागा फार व्यापतात. यास्तव भाड्याची वाटणी वजनावर न करता क्रेटच्या संख्येवर करावी. प्रत्येक क्रेटवर मालकाची खूण व क्रमांक ठळक असावा. वजन गावातच सर्वांसमक्ष करून वहीत नोंदवावे व अडत्याकडून प्रत्येकाच्या नावे स्वतंत्र पट्टी घ्यावी. जड माल तळाशी ठेवावा आणि शेवटी उतरावयाचा माल प्रथम भरावा. पिकलेली केळी वा आंबे यांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने पालेभाज्या लवकर पिवळ्या पडतात. असा माल एकत्र भरू नये. गाडी सुटण्याची वेळ ठरलेली असावी व एकासाठी इतरांनी खोळंबू नये.

माल वाहतूक कंपनीमार्फत पाठविल्यास पावती घेतल्यावाचून तो ताब्यात देऊ नये. रस्ते वाहतुकीसंबंधीच्या २००७ च्या कायद्याप्रमाणे नोंदणीकृत वाहतूकदाराने माल पावती देणे आवश्यक आहे. अधिक जोखमीचा दर देण्याचे आधी स्पष्टपणे मान्य केले नसल्यास त्याची भरपाईची जबाबदारी मर्यादित राहते. माल हरवल्यास वा खराब झाल्यास दावा लावण्यापूर्वी, माल नोंदविल्याच्या दिवसापासून १८० दिवसांच्या आत, लेखी नोटीस द्यावी लागते. पावती नसलेल्या शेतकऱ्याची बाजू तेथेच लंगडी पडते.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांना माझे एवढेच सांगणे आहे की, त्यांनी बियाणे व खते यांच्या जोडीने तोडणीच्या तारखांचीही यादी ठेवावी. कोणाचा किती माल कोणत्या दिवशी निघणार, हे आठवडाभर आधी कळले, तर गाडी भरणे अवघड नाही. प्रारंभी पाच घरे व एक बाजारपेठ पुरे. पहिल्या खेपेचा जमाखर्च चावडीवर वाचून दाखवावा. तो चोख असल्यास सहावे घर आपण होऊन पुढे येईल.