घरची यंत्रशाळा : होडीच्या इंजिनाचा श्वास



पावसाळ्याच्या तोंडावर बडोद्यास माझ्या थोरल्या बहिणीकडे चार दिवस राहण्याचा योग आला. तिचे बिऱ्हाड मकरपुऱ्याच्या बाजूस आहे. दाजी तिकडच्याच एका कारखान्यात नोकरीस होते. निवृत्त झाल्यावर गावी परतू, परतू म्हणता म्हणता ते पुरते बडोदेकर होऊन गेले. घरी पोहोचून मी हातपाय धुतो न धुतो तोच भाचा म्हणाला, "मामा, चहा मागाहून घ्या. आधी मागच्या अंगणात चला." ताईने कपाळाला हात लावला, त्यावरून प्रकरण काय असावे ह्याची मला थोडीशी कल्पना आली.

अंगणात चार विटांवर एक ॲल्युमिनियमची लहान होडी होती. तिच्या पोटात पाण्यावरच्या जुन्या स्कूटरचे दोन फेऱ्यांचे पेट्रोल इंजिन आणि त्याच स्कूटरचा पंप बसविलेला होता. भाच्याच्या हातात करवतीचे पाते होते. इंजिनावरची हवेची पेटी कापून काढण्याच्या बेतात तो होता. त्याचे म्हणणे असे, की इंजिनाला श्वास पुरत नाही, म्हणून होडी पाण्यात नुसती ओरडते आणि जागची हलत नाही.

ही होडी त्याने हौसेखातर केलेली नव्हती, हे आधी सांगितले पाहिजे. २०२४ च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्रीला मोठा पूर आला. ही नदी पावागडावर उगम पावून बडोदे शहराच्या मधून वाहते, आजव्याच्या तलावाचे जादा पाणीही तिच्यातच येते. त्या पुरात कित्येक वस्त्या दिवसचे दिवस पाण्याखाली राहिल्या आणि नदीतल्या मगरी लोकांच्या दारापर्यंत आल्या. भाचा आपल्या मित्रांबरोबर एका उसन्या होडीतून दूध व औषधे पोहोचवीत होता. त्या होडीच्या पंख्याला कोणाच्या तरी अंगणातले लुगडे गुंडाळले गेले आणि इंजिन बंद पडले. कमरेएवढ्या गढूळ पाण्यात उतरून ते सोडविण्यास कोणीही धजेना. तेव्हापासून त्याच्या मनाने घेतले, की उघडा पंखा नसलेली होडी करावयाची.

अशी होडी ही काही नवी कल्पना नव्हे. न्यूझीलंडमध्ये विल्यम हॅमिल्टन नावाचे एक मेंढपाळ शेतकरी होते. त्यांच्याकडच्या नद्या उथळ व खडकाळ असल्यामुळे पंख्याची होडी तेथे चालत नसे. त्यांनी १९५४ साली आपल्या शेतावरच्या कर्मशाळेत पाण्याच्या झोताने चालणारी होडी तयार केली. होडीच्या बुडातून पाणी आत घ्यावयाचे, पंपाने त्याला जोर द्यावयाचा आणि मागे झोत सोडावयाचा, एवढीच ती युक्ती. प्रथम झोताचे तोंड त्यांनी होडीखाली ठेवले होते. ते उचलून मागच्या फळीतून पाण्याच्या पातळीच्या किंचित वर आणले, तेव्हा होडी खरी धावू लागली. सर एडमंड हिलरी १९७७ साली अशाच तीन होड्या घेऊन गंगेच्या मुखापासून प्रवाहाविरुद्ध निघाले आणि नंदप्रयागजवळच्या धबधब्याने वाट अडविली तोपर्यंत हिमालयात चढत गेले. शेतकऱ्याच्या घरी निघालेली युक्ती कोठपर्यंत पोहोचली ते पाहा! भाच्याने हा सर्व इतिहास मला तोंडपाठ म्हणून दाखविला. मी एवढेच म्हणालो, "अरे, करवत खाली ठेव. आधी मला सांग, होडी ओरडते म्हणजे नेमके काय होते?"

तो म्हणाला, "मामा, दट्ट्या थोडा ओढला की फेऱ्या एकदम वर जातात. मागे पांढरा फेस उठतो. पण होडी बैलगाडीसारखी चालते."

वाचकहो, ह्या तीन वाक्यांत रोगाचे निदान आहे. ज्या इंजिनाला हवा पुरत नाही, त्याच्या फेऱ्या वर जात नाहीत. ते दबते, घुसमटते, काळा धूर सोडते. येथे फेऱ्या तर नको तितक्या वर जात होत्या. ह्याचा अर्थ इंजिनावर भारच येत नव्हता. विहिरीवरचे पंप ज्यांच्या घरी आहेत, त्यांना हा अनुभव नवा नाही. खेचणाऱ्या पाइपाच्या सांध्याला बारीकशी फट पडली, की पंप हवा धरतो. मोटार भुर्र फिरते आणि मोरीत पाण्याचा थेंब पडत नाही. अशा वेळी आपण मोटार बदलतो काय? आपण सांधा पाहतो.

मी ताईला विचारले, "होडी पाण्यात उभी असताना आत पाणी येते का ग?" तिने लगेच उत्तर दिले, "येते तर! तासाभरात एक तांब्या भरून निघतो. मी सांगितले त्याला. तो म्हणतो, आई, होडी म्हटली की थोडे पाणी यायचेच."

त्या एका तांब्यातच सर्व काही होते. होडी उभी असते तेव्हा बाहेरचे पाणी ज्या फटीतून आत झिरपते, तिच्यातूनच इंजिन सुरू झाल्यावर होडीतली हवा पंपात ओढली जाते. पंपाच्या तोंडाशी पाणी घेणारा जो बोगदा असतो, त्यात पंप जोराने खेचू लागला की दाब उतरतो. वर पाणी तर वीत-दीड वीतच असते. मग ती फट पाण्याऐवजी हवा पाजते आणि पंपाचे पाते फेसात फिरत राहते. आम्ही चार बोल्ट सोडले. बोगद्याचा ओठ व होडीचे बूड ह्यांच्यामध्ये रबराचा जो पट्टा होता, तो दोन तुकड्यांचा निघाला. जोडावर नख जाईल एवढी फट होती. भाचा खजील झाला. परंतु आम्हां जाणत्यांच्या हातूनही अशा चुका झालेल्या आहेत, त्या मी त्याला त्या वेळी सांगितल्या नाहीत, येथेही सांगत नाही.

रबर एकाच अखंड तुकड्यातून कापले. दोन्ही धातू घासून कोरडे केले, पाण्यात टिकणारे सीलंट लावले आणि बोल्ट समोरासमोरचे एकेक करून आवळले. एका बाजूने आवळत गेल्यास दुसऱ्या बाजूचे रबर उचलते. त्याच वेळी पंपाचे पाते व भोवतालचे कडे ह्यांतील अंतरही पाहून घेतले. ते मिलिमीटरच्या काही दशांशांइतकेच असावे लागते. वाळूने कडे झिजले असले, तर जोराचे पाणी पात्याच्या कडेने मागे पळते आणि लक्षणे फट पडल्यासारखीच दिसतात. आमचे कडे ठीक होते. तळाची जाळी मात्र एका गजाने वाकडी झाली होती, ती सरळ केली. ह्या जाळीला काही तरुण वेग वाढावा म्हणून काढून टाकतात. विश्वामित्रीच्या पुरात प्लॅस्टिकच्या पिशव्या, चिंध्या आणि जलपर्णी किती वाहत येते, हे पाहिलेल्या माणसाने तरी तसे करू नये.

आता हवेच्या पेटीकडे वळू. कारण फट बुजविल्यावरही भाच्याचा आग्रह सुटला नव्हता. मोटारसायकलवर उघडी गाळणी बसवून जोर वाढतो, मग होडीवर का वाढू नये, असा त्याचा प्रश्न होता. प्रश्न योग्य होता, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर देतो.

पहिली गोष्ट लाभाची. झोताच्या पंपाला लागणारी शक्ती फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात वाढत जाते. समजा, पेटी कापून इंजिनाची शक्ती तब्बल १० टक्के वाढली. तरी फेऱ्या वाढतील जेमतेम ३ टक्के, आणि झोताचा रेटा ६ ते साडेसहा टक्के. एवढी वाढ होडीतला एक माणूस उतरविल्याने सुद्धा जाणवेल.

दुसरी गोष्ट मिश्रणाची. कार्बोरेटरची भोके कारखान्याने त्या पेटीच्या अडथळ्याचा हिशेब धरून ठेवलेली असतात. अडथळा काढला की हवा सहज येते. पण पेट्रोल खेचणारी ओढ कमी पडते आणि मिश्रण पातळ होते. पातळ मिश्रण अधिक तापते. दोन फेऱ्यांच्या इंजिनात तर वंगणाचे तेल पेट्रोलबरोबरच येते, म्हणून पेट्रोल घटले की तेलही घटले. परिणामी पिस्टन सिलिंडरात अडकून बसतो. हे घराजवळच्या रस्त्यावर झाले तर गाडी ढकलीत आणता येते. पुरात होणारी गोष्ट वेगळी.

तिसरी गोष्ट पाण्याची. ती पेटी नुसती हवा गाळीत नाही, उडालेले तुषारही अडविते. पाणी दाबले जात नाही. उदाहरणार्थ, ज्या सिलिंडरात पिस्टन ५०० घन सेंटीमीटर जागा झाडतो व आतला वायू दाबून एक दशांश जागेत आणतो, त्यात पिस्टन वर आल्यावर उरणारी जागा सुमारे ५५ घन सेंटीमीटर, म्हणजे अर्ध्या कपाहून कमी. तिच्याहून जास्त पाणी आत गेले, तर पिस्टन वर येऊच शकत नाही आणि त्याचा दांडा वाकतो.

चौथी गोष्ट आगीची, आणि हिच्यापुढे बाकीच्या तिन्ही किरकोळ आहेत. पेट्रोल इंजिन कधी कधी उलटे खोकते. ज्वाळा हवेच्या वाटेने बाहेर येते. मोटारसायकलवर ती उघड्या वाऱ्यात विझते. होडीत इंजिन झाकणाखाली बसलेले असते. पेट्रोलची वाफ हवेहून जड असल्यामुळे होडीच्या तळाशी साचून राहते आणि उडून जावयास तिला वाट नसते. म्हणून होडीच्या इंजिनाच्या हवेच्या तोंडावर धातूच्या पट्ट्यांचा किंवा जाळीचा एक ज्वालारोधक असतो. बारीक छिद्रांतून जाताना ज्वाळेची उष्णता धातू शोषून घेतो आणि ती पलीकडे जाण्याइतकी तापलेली राहत नाही. हम्फ्री डेव्ही ह्यांनी १८१५ साली कोळशाच्या खाणींसाठी जो दिवा केला, त्याचेही तत्त्व हेच. अमेरिकेत १९४० सालच्या एप्रिलनंतर होडीच्या आत बसविलेल्या पेट्रोल इंजिनांवर ज्वाळा रोखण्याची अशी सोय कायद्याने सक्तीची झाली. भाच्याच्या करवतीखाली आलेल्या पेटीत हाच ज्वालारोधक होता, आणि तो "जुनी काळी जाळी" म्हणून भंगारात जाणार होता.

मग काहीच सुधारणा करता येत नाही काय? एक येते, आणि ती आम्ही केली. झाकणाखालची हवा चालत्या इंजिनाने फार तापते. बाहेर ३० अंश व झाकणाखाली ६० अंश सेल्सिअस असेल, तर आत जाणारी हवा सुमारे ९ टक्के विरळ होते. म्हणून पेटी व ज्वालारोधक जेथल्या तेथे ठेवून, पेटीच्या तोंडाला रुंद नळी जोडून ती उंचावर नेली. तिचे टोक बदकाच्या मानेसारखे खाली वळविले, म्हणजे पावसाचे पाणी आत पडू नये. आणि नळीच्या सर्वांत खालच्या वळणाला एक बारीक भोक ठेवले, म्हणजे शिरलेले पाणी गळून जावे. नळी पेटीच्या तोंडाहून अरुंद मुळीच नको. झाकणाखालची वाफ बाहेर फेकणारा लहान पंखा वेगळा लावला. तो होडीकरिताच बनविलेला, ठिणगी न उडविणारा आणला आणि इंजिन सुरू करण्यापूर्वी चार मिनिटे चालवावयाचा नियम केला.

हे काम चालले असता दाजी ओट्यावर बसून बडोद्याच्या कलाभवनाची गोष्ट सांगत होते. सयाजीराव महाराजांनी १८९० साली त्रिभुवनदास गज्जर ह्यांच्या हाताखाली ही संस्था काढली, ती कारागिराच्या मुलाला त्याच्याच भाषेत यंत्रविद्या शिकता यावी म्हणून. दादासाहेब फाळके तेथलेच विद्यार्थी. दाजींना ह्या विषयावर एकदा सुरुवात करून दिली की दुपार सहज जाते.

सिंधरोटला महीच्या पात्रात, कडेच्या संथ पाण्यात, आम्ही दुसऱ्यांदा परीक्षा घेतली. भाच्याने दट्ट्या ओढला आणि त्याचा चेहरा उतरला, कारण इंजिनाचा आवाज पूर्वीपेक्षा कमी होता. तेवढ्यात होडीचे नाक उचलले गेले व ती दोरीसकट पुढे धावली. पंपाला पाणी मिळाले, इंजिनावर भार आला, म्हणून आवाज उतरला. एक गोष्ट मात्र त्याने अनुभवानेच शिकून घेतली: ही होडी झोतानेच वळते. घाबरून दट्ट्या सोडला तर सुकाणूही सुटते व होडी सरळ जाऊन आपटते. वळण्यासाठी थोडा जोर ठेवावाच लागतो.

त्या संध्याकाळी ताई प्रथमच होडीजवळ आली. १८ जानेवारी २०२४ रोजी बडोद्याच्याच हरणी तलावात सहलीची होडी उलटून १२ मुले व २ शिक्षिका बुडाल्या. होडीत प्रमाणाबाहेर माणसे होती आणि पुष्कळांच्या अंगावर तरंगणारी जाकिटे नव्हती. ताईच्या ओळखीच्या एका घरचे मूल त्या शाळेत होते; ते त्या दिवशी तापामुळे घरी राहिले, म्हणून वाचले. तिने भाच्याला एवढेच विचारले, "ह्यात किती माणसे बसायची?"

"सहा सहज बसतील, आई."

आम्ही मग वाळूच्या मोजलेल्या गोण्या भरून पाहिले. चार माणसांच्या वजनाला मागची फळी पाण्याबाहेर चांगली वीतभर राहिली. पाचाला ती चार बोटांवर आली, आणि भाचा स्वतःच म्हणाला, "चार." यांत्रिक होडीला अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ लागू होतो, त्याप्रमाणे नोंदणीची चौकशी करण्याचे काम दाजींनी अंगावर घेतले आहे. आतल्या फळीवर तांबड्या रंगाने "४ माणसे, चालकासह" असे ताईने आपल्या हाताने लिहिले. रंग वाळण्यापूर्वीच माझी गाडी सुटावयाची होती, म्हणून मी निघालो. चार जाकिटे तिने त्याच आठवड्यात आणविली, असे तिच्या पत्रावरून समजले.