रक्तगुल्म, रक्तष्ठीवन आणि दहा महिन्यांची प्रतीक्षा

रक्तगुल्माची चिकित्सा दहावा महिना उलटल्यावरच करावी, असा चरकसंहितेतील गुल्मचिकित्सेचा निर्देश आहे. गर्भ व गुल्म यांतील भेद केवळ दर्शन-स्पर्शनाने ठरवावा लागे, त्या काळी तो विवेकाचाच होता. परंतु आपल्यातील काही अभ्यासक ज्या द्राक्षगर्भाला रक्तगुल्म मानतात, त्याच्या बाबतीत ही प्रतीक्षा आज रुग्णेच्या जिवावर बेतू शकते, असे माझे स्पष्ट मत आहे.

द्राक्षगर्भानंतर, क्वचित गर्भपातानंतर वा सुखरूप प्रसूतीनंतरही, वारेच्या पेशींपासून कोरिओकार्सिनोमा हा कर्करोग उद्भवतो. तो रक्तावाटे पसरतो आणि बहुधा प्रथम फुप्फुसे गाठतो. रुग्णा आपल्याकडे येते ती खोकला, धाप वा रक्तमिश्रित कफ घेऊन. इगतपुरी-घोटी भागात अशा वेळी आपल्या मनात पहिला शब्द येतो तो क्षय. एक्स-रेमधील गोल छाया हा समज दृढच करतात. मग थुंकीत जंतू न सापडताही क्षयाची औषधे सुरू होतात, जोडीला वासावलेह, सितोपलादि. (आणि भाताच्या आवणीत अंगावरून जाण्याची तक्रार घेऊन दवाखान्यात येणारी बाई विरळाच.)

म्हणून प्रजननक्षम वयातील स्त्रीच्या रक्तष्ठीवनात एक प्रश्न टाळू नये : मागे दिवस कधी गेले होते आणि त्याचे पुढे काय झाले? संशय येताच रक्तातील बीटा एचसीजी तपासावे. केवळ लघवीच्या पट्टीवर विसंबू नये. संप्रेरकाचे प्रमाण अतिशय वाढले असता ती फसवे नकारार्थी उत्तर देऊ शकते. फुप्फुसातील गाठीचा तुकडा काढण्याची घाईही नको, कारण या गाठी भयंकर रक्तस्राव करतात. छातीच्या पोकळीत रक्त साचणे, फुप्फुसाच्या धमनीत अर्बुदाचा भाग अडकणे हे उपद्रव विरळ खरे, पण प्राणघातक. उपचार सुरू होताच गाठींत रक्तस्राव होऊन श्वास कोंडण्याचाही धोका असतो; तेव्हा रोग फार पसरलेल्या रुग्णेस परळच्या टाटा स्मारक रुग्णालयासारख्या अनुभवी केंद्रातच पाठवावे. कसारा घाट उतरण्यास विलंब नको.

औषधविक्रेत्यांचा संबंध याहून निकटचा आहे. चिठ्ठीवाचून दिलेल्या गर्भपाताच्या गोळ्यांनंतर काय बाहेर पडले, हे कोणी पाहत नाही. आठवडे लोटूनही रक्तस्राव थांबत नसेल, तर त्या स्त्रीस रक्तस्तंभक देऊन वाटेला लावणे हा मला अपराध वाटतो.

हा रोग पसरल्यावरही बहुतांशी पूर्ण बरा होतो. मेथोट्रेक्सेटने तो हटतो, हे अमेरिकेत मिन चिउ ली व रॉय हर्ट्झ यांनी १९५६ मध्ये प्रसिद्ध केले. ते औषध ज्यांच्या लेडर्ली प्रयोगशाळेतील संशोधनातून आले, ते यल्लाप्रगडा सुब्बाराव परदेशी जाण्यापूर्वी मद्रासच्या आयुर्वेद महाविद्यालयात शारीर शिकवीत असत. त्यांच्याच गटाने फोलिक अॅसिडही कृत्रिमरीत्या तयार केले होते, आणि मेथोट्रेक्सेट त्याच्याच विरोधी कार्य करते. तेव्हा हे उपचार चालू असलेल्या रुग्णेला अशक्तपणा दिसतो म्हणून फोलिक अॅसिडयुक्त टॉनिक आपल्या मनाने देऊ नये. तिच्या कर्करोगतज्ज्ञास विचारावे.