पोराच्या फुटबॉलला आठवड्यातली ९० मिनिटं द्या



आज भांडवल, जीएसटी, मार्केटिंग सगळं बाजूला. शाहूपुरीत शिकायला येणाऱ्यांना मी पहिल्याच दिवशी विचारतो, "धंदा कशासाठी करायचाय?" बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं, "पोरांसाठी, सर." मग मी विचारतो, "पोरगं सध्या कशात रमलंय?" इथं गाडी अडते. इयत्ता सांगतात, क्लासची फी सांगतात, पुढं गप्प.

माझं मत स्पष्ट आहे. ज्याच्यासाठी धंदा करताय, त्याचा नाद काय आहे हे माहीत नसेल, तर तुमचा हिशोब कुठंतरी चुकतोय. आणि नुसतं माहीत असून भागत नाही, त्या नादात स्वतः उतरायला पाहिजे.

आपल्या कोल्हापुरात याला निमित्त शोधावं लागत नाही. इथं फुटबॉल रक्तात आहे. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, प्रॅक्टिस यातली आपली टीम कुठली, हे पोरांना पाढ्यांच्या आधी कळतं. २०१७ साली भारतात सतरा वर्षांखालील वर्ल्डकप झाला, तेव्हा भारताच्या संघात आपला अनिकेत जाधव होता. त्याचे वडील रिक्षाचालक. म्हणजे पोराच्या खेळामागं उभं राहायला श्रीमंत असावं लागत नाही.

आता तुम्ही म्हणाल, "सर, नवीन धंदा आहे, वेळ कुठाय?" बरोबर आहे. सुरुवातीला दुकान सोडून हलता येत नाही. पण आकडा बघा. आठवड्यात १०,०८० मिनिटं असतात. फुटबॉलची मॅच ९० मिनिटांची. हे एक टक्कासुद्धा होत नाही! बँकेचा हप्ता चुकवत नाही ना? तसाच हा हप्ता धरा.

तीन गोष्टी पाळा.

१. उस्ताद तो, चेला तुम्ही. दिवसभर तुम्ही मालक असता, घरात सूचना देत असता. इथं उलटं करा. "ऑफसाइड म्हणजे काय रे? समजावून सांग," म्हणा. बापाला आपण शिकवतोय, हे कळल्यावर पोरगं खुलतं. आणि ज्याला बोलायची सवय लागते, ते उद्या अडचणही तुमच्याकडंच घेऊन येतं.

२. मोबाईल खिशात. शाहू स्टेडियमवर शेजारी बसून ऑर्डरी घेत असाल, तर तुम्ही तिथं नाहीच. गिऱ्हाईकासमोर आपण असं वागतो का?

३. त्याच्या नादाचा लगेच धंदा करू नका. हे मी, धंदा शिकवणारा माणूस, सांगतोय. पोरीनं चार चित्रं काढली की आपण विकायला पेज काढतो. पोरगं बरं खेळलं की अकॅडमी, ट्रायल, करिअर सुरू. नफा-तोटा आला की खेळातली मजा जाते आणि तुम्ही परत मालक होता. पुढं त्यातून काही घडायचं असेल तर घडेल. तो निर्णय त्याचा.

फुटबॉल हवाच असं नाही. लेकीला मातीत रमायला आवडत असेल, तर गणपतीच्या आधी आपल्याच कुंभार गल्लीत तिला घेऊन फिरा. मूर्ती कशी घडते ते दोघं बघा. घरी येऊन दोघं हात मळवून घ्या. तुमची मूर्ती तिच्यापेक्षा बिघडली तर उत्तमच!

धंद्यात गेलेलं गिऱ्हाईक परत आणता येतं, बुडालेला सीझन पुढच्या वर्षी भरून निघतो. पण पोराचं दहावं वर्ष एकदाच येतं. उद्या दुकान मोठं झाल्यावर तुम्ही म्हणाल, "चल, खेळूया." तेव्हा त्याला तुमच्यासोबत खेळायचं असेलच याची गॅरंटी कोण देणार?

म्हणून या आठवड्याचं काम एकच. आज रात्री जेवताना मार्क विचारू नका. "तुला सध्या काय आवडतं, मला शिकवशील?" एवढंच विचारा. आणि रविवारची ९० मिनिटं आत्ताच डायरीत लिहून ठेवा.

चला, लागा कामाला!